बेवड

शहरात वाढलेल्या आपल्या मुलांच्या कानांवर क्वचितच पडणारा ‘बेवड’ हा शब्द देशावरील शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र नित्याचा आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण वा अवगुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, उसापूर्वी ताग गाडावा, हे आपल्या वाडवडिलांस कोणी शाळेत शिकविले नव्हते.

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधले जाते, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली जाहीर केले. तीनच वर्षांनी, १८८९ साली, येथील शेती कशी सुधारावी हे सांगण्यासाठी डॉ. व्होएलकर विलायतेहून आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी हिंदी शेतकरी अडाणी आहे हा समज खोडून काढला. १९०५ साली पुसा येथे आलेले व पुढे १९२४ ते १९३१ इंदूरास राहिलेले अल्बर्ट हॉवर्ड तर येथील शेतकऱ्यांस आपले गुरूच मानीत. शिकवावयास आलेले शिकून गेले म्हणावयाचे!

ताग पावसाच्या आरंभी एकरी २० ते २५ किलो बी घेऊन पेरतात व सहा-सात आठवड्यांनी फुलावर येताच नांगराने गाडतात. उशीर झाला तर खोड चिवट होते (दोरखंडाचेच पीक ते!) आणि लवकर कुजत नाही, गाडल्यावर ओल नसली तरी तेच. म्हणूनच कमी पावसाच्या गावांत एक हंगाम मातीस देणे सर्वांस परवडले नाही. तेथील शेतकऱ्याने बाजरीत तुरीच्या ओळी धरल्या, मटकी-हुलगा पेरला. धान्य घरात आले, पाला रानात झडला. आमच्या मते ही युक्ती तागाहून अधिक शहाणपणाची होय.

१९६० नंतर रासायनिक खते गावोगाव पोचली आणि बेवडाची चाल मागे पडली. परंतु सारा दोष युरियाच्या गोणीस देणे आम्हांस रास्त वाटत नाही. १९४८ च्या मुंबई कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे मालक मानली गेली. कायदा न्याय्यच होता. पण त्यानंतर जमीन एकाच्या हाती फार वर्षे राहू देण्याची मालकांस धास्ती बसली आणि तोंडी, एका सालाच्या बोलीने रान देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी पडली. बेवडाचे फळ तर पुढच्या पिकास मिळते. पुढच्या साली हे रान आपल्याकडे राहील की नाही हे ज्यास ठाऊक नाही, त्याने ताग का गाडावा?

आपल्यापैकी ज्या कुटुंबांची जमीन आज खंडाने वा वाट्याने दिलेली आहे, त्यांनी येत्या पाडव्यास बोली करताना ती निदान तीन सालांची व लेखी करावी, तागाच्या हंगामाचा खंड सोडावा, आणि बी मालकाने द्यावे.