वेळ आणि विरोध : शुभवर्तमानांच्या अभ्यासाकडे

योहानकृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडा. यरुशलेमात मंडपांचा सण आहे. येशू मंदिरात उघडपणे शिकवतो आहे आणि त्याला धरायला माणसे टपली आहेत. तरी कोणी हात टाकत नाही, कारण त्याची वेळ अजून आलेली नाही, असे योहान सांगून टाकतो. मग प्रमुख याजक आणि परूशी शिपाई धाडतात. तेही हात हलवत परत येतात, पण त्यांचे कारण निराळे : याच्यासारखे कोणी बोललेलेच नाही! परूश्यांतलाच निकदेम तर थेट नियमशास्त्रावर बोट ठेवतो. म्हणजे अटक टळण्याचे एक कारण वरचे आणि दुसरे अगदी इथले, माणसांच्या मनातले. योहानाला यात विसंगती दिसत नाही. आपल्याला दिसते, आणि या अभ्यासाला तिथूनच तोंड फुटते.

हे सगळे विधिलिखित म्हणून सोडून देण्याचा मोह आपल्याकडच्या वाचकाला होईल. तो आवरावा. मार्कच्या चौदाव्या अध्यायात याजक ठरवतात की लोकांत दंगल नको, तेव्हा सणात काही करायचे नाही. नेमके सणातच सारे घडते. विरोधकांचे वेळापत्रक कोलमडते, पण ते कळसूत्री बाहुल्या होत नाहीत. योहानात, येशूने मेलेल्या लाजराला उठवल्यानंतर भरलेल्या सभेतली भीतीही खरी आहे : रोमी येतील, आपले स्थान आणि राष्ट्र दोन्ही जाईल. रोमी सत्तेखालच्या यहूदियात ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. सगळ्या राष्ट्राऐवजी एकाने मरावे, हा महायाजक कयफाचा सल्ला क्रूर असेल, पण तो वेडाचा नाही.

आणि ती वेळ येते कधी? योहानाच्या बाराव्या अध्यायात सणासाठी आलेले काही ग्रीक येशूला भेटू इच्छितात, तेव्हा. कट आधीच शिजलेला असतो. योहान मात्र घड्याळ लावतो ते या पाहुण्यांच्या येण्यावर. मला हे साऱ्या शुभवर्तमानातले सर्वांत धाडसी वळण वाटते. रेमंड ब्राऊन यांनी योहानाचे ‘चिन्हांचा ग्रंथ’ आणि ‘गौरवाचा ग्रंथ’ असे दोन भाग पाडले. दुसरा भाग तेराव्या अध्यायापासून, म्हणजे वेळ आल्याचे येशूने ओळखले तिथून, सुरू होतो. मार्कमध्ये मात्र येशू आपली ओळख गुप्त ठेवायला सांगतो; त्या गुप्ततेवर विल्यम व्रेडे यांनी १९०१ मध्ये वाद उभा केला. त्या वादात नवख्याने लगेच उतरण्याची गरज नाही.

एक इशारा मात्र आधीच द्यायला हवा. योहान विरोधकांना सरसकट ‘यहूदी’ म्हणतो. त्या शब्दाच्या आडून शतकानुशतके एका संपूर्ण समाजावर येशूच्या मृत्यूचा दोष लादला गेला. कॅथलिक चर्चने हा सरसकट आरोप १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, अधिकृतपणे नाकारला. येशू, त्याचे शिष्य, निकदेम हे सगळे यहूदीच होते.

श्रद्धाळूंनी यावे, चिकित्सकांनीही यावे. ग्रीक भाषा येत नसेल तरी अडत नाही. फक्त टीकाग्रंथांना हात घालण्याआधी मार्क आणि योहान एका बैठकीत, सलग वाचून काढा.