मेस्त्रींचा कॅमेरा

पनवेलचे नाव काढले की आज रेल्वे आणि महामार्ग डोळ्यांपुढे येतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे गाव ओळखले जाई ते गाडीच्या चाकांसाठी. घाटावरून आलेला गाडीवान परतताना पनवेलच्या चाकांची जोडी बरोबर नेई, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. तुंबा, आरे आणि वरची लोखंडी धाव, हे सारे नेमके जुळले तरच चाक डुगडुगत नाही. सुतार आणि लोहार यांनी हे माप पुस्तकातून घेतले नव्हते. ते त्यांच्या हातात होते.

आता तुम्ही म्हणाल, चाकाचा आणि चित्रपटाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तो कसा, ते पाहू.

आपल्याकडे हलते चित्र प्रथम टिपले ते एका छायाचित्रकाराने. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांचा मुंबईत फोटो काढण्याचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात, दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे केंब्रिजची रँग्लर पदवी घेऊन परतले, तेव्हा मुंबईत त्यांचे स्वागत झाले. तेही सावेदादांनी टिपले. आपली माणसे, आपला सोहळा. पण यंत्र मात्र परक्याचे. दादासाहेब फाळक्यांनीही १९१२ साली लंडनहूनच कॅमेरा आणला.

कोल्हापुरात मात्र निराळेच घडले. तेथे बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, आणि ते नाव कायमचे चिकटले. बाबूरावांचे वडील स्वतः कसबी कारागीर. फाळक्यांचे चित्र पाहून या दोघा भावांना ध्यास लागला. विलायती कॅमेरा घेण्याइतके पैसे गाठीशी नव्हते. मग आपणच का करू नये? शिक्षण म्हणाल तर यंत्रशाळेचे नव्हे, हौसेचे.

हे काम सोपे नव्हते. त्या काळच्या कॅमेऱ्यात फिल्म सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे घेत सरके. पण ती सरळ वाहत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडून उजेड आत आला पाहिजे, झडप मिटली की फिल्म पुढे ओढली गेली पाहिजे. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकणारे दाते केसभर चुकले, तर पडद्यावरचा माणूस थरथरू लागतो. शिवाय मूठ फिरवायची हातानेच. हात घाई करील तर पडद्यावरची माणसे रेंगाळतात, हात सुस्तावला तर ती पळत सुटतात. चाक डुगडुगू नये म्हणून जे माप लागते, तेच येथेही, फक्त अधिक बारीक.

दुर्दैवाने १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट राहिले. तेव्हा विष्णुपंत दामले मदतीस उभे राहिले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाचा आधार दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले.

पण माझ्या मते खरी गोष्ट पुढेच आहे. १९२५ मध्ये याच कंपनीने ‘सावकारी पाश’ काढला. देव आणि राजे यांच्या कथा बाजूला ठेवून कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याकडे बाबूराव वळले. तो शेतकरी झाला होता तरुण शांताराम. कसबी घरातल्या माणसाने कष्टकऱ्याचा चेहरा पडद्यावर मोठा करून दाखवला. ज्याने यंत्र आतून ओळखले, त्याला ते कोणाकडे वळवायचे हेही उमगले.

मूकपटांच्या त्या काळातली बहुतेक चित्रे आज नष्ट झाली आहेत. बाबूराव १९५४ मध्ये गेले. पण दामले, फत्तेलाल, शांताराम ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी १९२९ मध्ये बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. फिल्म जळते, कुजते. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले कसब मात्र टिकते.

गुरुजी, बाई, आपल्या वर्गातही एखादा मुलगा, एखादी मुलगी घड्याळ उघडून बसत असेल, मोडका पंखा जोडीत असेल. ‘अभ्यास सोडून काय हे चाळे!’ असे म्हणण्याआधी क्षणभर थांबा. एवढेच विचारा, ‘बाळ, हे चालते कसे, ते मला सांगशील?’