श्रम, काटकसर आणि वाळवा तालुक्यातील दोन वाटा

साधेपणाचे गोडवे गाताना आपण एक प्रश्न सहसा टाळतो : हा साधेपणा कुणाच्या आधारावर उभा आहे? सातारा-सांगलीच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात, आणि दोन्हींचे मूळ एकाच वाळवा तालुक्यात आहे.

पहिले उत्तर भाऊराव पाटलांचे. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे. उमेदीच्या काळात त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर घेऊन गावोगाव हिंडले. विक्रेत्याच्या या भटकंतीत त्यांनी खेड्यातले दारिद्र्य जवळून पाहिले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या वसतिगृहात मुलाजवळ स्वतःचे असे फारसे काही नसे. दळण, स्वयंपाक, शेतातली कामे, बांधकामावरची मेहनत यांतले जे वाट्याला येईल ते करायचे आणि शिकायचे. पुढे १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात हीच पद्धत 'कमवा आणि शिका' या नावाने रूढ झाली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य आपण उठताबसता उद्धृत करतो. मात्र त्यातील स्वावलंबन एकाकी नव्हते. मुलांच्या ताटातल्या भाकरीमागे गावोगावचे मूठमूठ धान्य होते, लक्ष्मीबाईंचे मोडलेले दागिने होते. (लक्ष्मीबाई १९३० सालीच गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा एखादा हळवा परिच्छेद येतो, हे अन्यायाचेच आहे.) मुलगा श्रम देई, छप्पर, जेवण आणि वर्ग यांची हमी संस्था घेई. श्रमाला मर्यादा होती आणि त्याच्या पलीकडे पुस्तक होते.

दुसरे उत्तर त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. अण्णाभाऊ साठे १९२० साली तिथे जन्मले, म्हणजे शाहू बोर्डिंग सुरू झाले तेव्हा ते चार वर्षांचे होते. जातीने आणि दारिद्र्याने शाळेचे दार त्यांना जवळजवळ बंदच ठेवले. वडिलांबरोबर ते पायी मुंबईला गेले. कोळसे वेचणे, हमाली, गिरणीकाम अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. कामांची विविधता इथेही होती, गाठोड्यातल्या वस्तू इथेही मोजक्याच होत्या. परंतु आजच्या श्रमातून उद्याची भाकरी सुटे, वर्ग सुटत नसे. अक्षरओळख त्यांनी स्वतःच्या धडपडीने मिळवली.

आज दोन-तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवून, उरल्या वेळात शिकवण्या आणि मुद्रितशोधन करणाऱ्या मराठीच्या तरुण अध्यापकाला 'कर्मवीरांचा आदर्श' ऐकवला जातो, तेव्हा मला हा फरक आठवतो. त्याच्याकडून वसतिगृहातल्या मुलाचा साधेपणा अपेक्षिला जातो. वसतिगृहाची हमी मात्र त्याला कुणी देत नाही.

९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. त्याच वर्षी 'फकिरा' प्रसिद्ध झाली. तिचा लेखक तेव्हा घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत होता.