झिजण्यासाठी बसवलेलं जस्त

बोटीच्या शाफ्टवर, पंख्याच्या जवळ, जस्ताचा एक जाड तुकडा बोल्टनं आवळलेला असतो. तो संपण्यासाठीच बसवलेला असतो. बोट किनाऱ्यावर ओढली की खड्डे पडलेलं जुनं जस्त काढायचं आणि नवं लावायचं. पाना हाती घेऊन मालक हे काम स्वतः करू शकतो. मात्र या साध्या कामामागे जवळजवळ दोन शतकांची धडपड आहे.

तिची सुरुवात ब्रिटिश नौदलाच्या ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या जहाजापासून होते. लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्यांपासून तळ वाचावा म्हणून १७६१ मध्ये त्याच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडिजहून परतल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. तांबं बऱ्यापैकी टिकलं होतं, पण लोखंडी खिळे गंजून गेले होते आणि त्यामुळे पत्रेच सुटू लागले होते. काही खिळे तेवढे शाबूत होते. पत्रे गोदीत आले होते तपकिरी कागदात गुंडाळून, आणि काही ठिकाणी तो कागद काढायचा राहिला होता. जिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये कागद आला, तिथे लोखंड वाचलं. समुद्राच्या पाण्यात लोखंड तांब्याला थेट भिडू देऊ नये, असा निष्कर्ष अहवालानं काढला. व्होल्टाचा विद्युतघट आला १८०० मध्ये. म्हणजे कारण सांगणारं शास्त्र जन्मण्याआधीच गोदीतल्या माणसांनी निव्वळ नीट पाहून हे ओळखलं होतं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती ही नजर.

रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं हेच ज्ञान उलटं वापरलं. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांचा घट बनतो. त्यातला एक झिजतो आणि दुसरा वाचतो. मग तांबं वाचवायचं तर त्याला मुद्दाम लोखंड किंवा जस्त जोडावं! १८२४ मध्ये त्यानं रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या भागाएवढा ‘रक्षक’ धातू पुरतो, असं पोर्ट्समथ बंदरातल्या प्रयोगांत दिसलं. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या युद्धनौकेला त्याच वर्षी ओतीव लोखंडाचे रक्षक लावले गेले.

तांबं वाचलं, पण नौदलाचा हेतू फसला. तांबं किंचित विरघळत राहतं म्हणूनच तळाला शेवाळ आणि बार्नेकल धरत नाहीत. विरघळणं थांबल्यावर अनेक जहाजांचे तळ भरून आले, वेग घटला आणि रक्षक काढून टाकण्याचा हुकूम सुटला. डेव्हीला हे फार लागलं. माझ्या मते त्याचं तत्त्व पूर्ण खरं होतं, जागा तेवढी चुकली.

जस्ताची वाटही सरळ नव्हती. त्यात लोखंडाचा अंश असेल तर पृष्ठभागावर थर धरतो आणि जस्त झिजायचंच थांबतं. विसाव्या शतकाच्या मध्याला हे नीट उमगल्यावर शुद्धतेची मानकं आली. अमेरिकी नौदलाच्या मानकात लोखंडाची मर्यादा ०.००५ टक्के आहे.

आज तळाला शेवाळरोधक रंग लागतो आणि जस्त पंखा, शाफ्ट, सुकाणू सांभाळतं. डेव्हीला एकाच धातूकडून हवी असलेली दोन कामं अशी वेगळी झाली. दोन धातू टेकले की एक झिजतो हे मात्र तसंच आहे, म्हणून पाण्याखालचा भाग खाल्लेला दिसला की नुसता भाग बदलून थांबू नये. त्याला कोणता धातू टेकतो आहे, हे आधी शोधावं. पितळी व्हॉल्व्ह चाकूनं खरवडून पाहावा. आत पिवळी चमक दिसली तर तो धड आहे. गुलाबी-तांबूस दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे आणि तो कधीही तुटू शकतो. त्यावर लांबी भरून काम भागत नाही, तो बदलावाच लागतो. नवा घेताना घरच्या नळाचं पितळ नको, कांस्याचा घ्यावा.

आणि जस्त लावताना खालचा धातू घासून चकचकीत करा, बोल्ट घट्ट आवळा, ते निम्मं संपलं की बदला. तळ रंगवताना ब्रश त्याच्यावरून कधीही फिरवू नका. रंग चढलेलं जस्त झिजत नाही, आणि मग पंखा झिजतो.