परत आलेला मुलगा : वसंतराव देशपांडे, नागपूर आणि गाव सोडण्याचा इतिहास

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

 

मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी मला भेटायला आली. नागपूरचीच. तीन-चार वर्षं मुंबईत नाटकात आणि मालिकांत छोटी-मोठी कामं करत होती, आता परत आली आहे. इथे काही स्वतःचं करायचं तिच्या मनात आहे. ती म्हणाली, "सर, घरी पोचल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो. काहून, परत आली? नाही जमलं का?"

आज हसायला येतंय, पण ती हसत नव्हती. कलावंत गावी परतला की तो हरून आला, असं आपण धरून चालतो. मला तिला काही उत्तर द्यायचं होतं, आणि इतिहासाचा माणूस म्हणून मला जुन्याच गोष्टी आठवतात. म्हणून आज मी तुम्हाला अशाच एका परत आलेल्या मुलाची हकिगत सांगणार आहे. त्याच्या नावाचं सभागृह आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. आपण तिथे गाणी ऐकतो, नाटकं बघतो, पण तो मुलगा कधी गेला, कधी आला आणि काय घेऊन आला, याचा विचार फारसा करत नाही.

वसंतराव देशपांडे. जन्म २ मे १९२०, अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर. पण वाढले नागपुरात. आईनं एकटीनं वाढवलं. त्या काळात एकट्या बाईनं मुलाला घेऊन शहरात राहायचं, त्याला शिकवायचं आणि वर गाणं शिकवायचं, ही काय गोष्ट आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. गाण्याची सुरुवात झाली शंकरराव सप्रे गुरुजींकडे. त्यांचं श्रीराम संगीत विद्यालय नागपुरात होतं.

आता या सप्रे गुरुजींकडे आणखी एक मुलगा शिकत होता. वयानं दोन वर्षांनी मोठा. रामचंद्र चितळकर. पुढे जगानं त्याला सी. रामचंद्र म्हणून ओळखलं. 'अलबेला' आणि 'अनारकली'चे संगीतकार, तेच. म्हणजे बघा, नागपुरातल्या एका गुरुजींच्या हाताखालून दोन मुलं गेली. आणि गंमत अशी की दोघंही सिनेमाच्या पडद्यावर आली ती एकाच वर्षी, १९३५ साली. चितळकर 'नागानंद'मध्ये नायक झाले. आणि वसंत, भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाला.

इथे जरा थांबू. १९३५ साल का महत्त्वाचं? 'आलम आरा' आला १९३१ला, 'अयोध्येचा राजा' १९३२ला. बोलपट नुकताच चालायला लागला होता. पार्श्वगायन अजून रूढ झालं नव्हतं. ज्याचा चेहरा त्याचाच गळा, असा मामला. फाळके यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' केला तेव्हा त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. तो मूकपट. तिथे मुलीनं कृष्ण केला तरी चालत होतं, कारण पडद्यावर आवाजच नव्हता. सोळा वर्षांनी त्याच नावाच्या चित्रपटासाठी मात्र कृष्ण गाणारा हवा होता. गाणाऱ्या मुलांचा शोध घेत चित्रपटवाले गावोगाव बघायला लागले, त्याचं कारण हे तंत्र आहे. नागपूरच्या मुलाला संधी मिळाली ती प्रतिभेमुळे, हे खरंच. पण त्या वर्षांत गळ्याला बाजारात भाव आला होता, हेही तितकंच खरं.

मग पुढे काय झालं? चितळकर सिनेमातच राहिले. 'नागानंद' काही चालला नाही, पण ते परतले नाहीत. छोटी कामं केली, पेटी धरली आणि संगीतकार झाले. वसंताचं तसं झालं नाही. कृष्णाची भूमिका झाली आणि तो पुन्हा शिकायला लागला.

त्या काळच्या बालकलाकारांचं आयुष्य कसं असायचं ते डोळ्यांसमोर आणा. नाटक कंपन्यांत तर हे नेहमीचंच होतं. मुलगा गोड गातो, टाळ्या मिळतात, आणि मग आवाज फुटतो. कालपर्यंत ज्याच्यासाठी वन्समोअर, तो आज पडदा ओढायला. अशी किती मुलं कंपन्यांच्या बिऱ्हाडांत हरवली त्याची नोंद कुणी ठेवली नाही. ज्याच्या मागे घर होतं, गुरू होता, तो वाचला. मला नागपूरचं महत्त्व इथे दिसतं. या शहरानं त्या मुलाला स्टार केलं नाही. त्याला पुन्हा विद्यार्थी होता आलं, एवढी जागा मात्र त्याच्यासाठी इथे होती.

आणि मग तो मुलगा पुन्हा बाहेर पडला, पण आता प्रसिद्धीसाठी नाही, विद्येसाठी. मामांबरोबर लाहोरला गेला. फाळणीच्या आधीचं लाहोर, म्हणजे गाणंबजावणं आणि सिनेमा दोन्हींचं मोठं केंद्र. तिथे असद अली खाँ यांच्याकडे तालीम मिळाली. कित्येक महिने खाँसाहेबांनी एकच राग घोटून घेतला, मारवा, असं सांगतात. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर, रामकृष्णबुवा वझे यांच्याकडूनही त्यांनी घेतलं. आणि दीनानाथ मंगेशकरांचं गाणं तर मनात मुरलेलंच होतं. ही यादी वाचली की जाणकार लोक गोंधळतात. किराणा, भेंडीबाजार, ग्वाल्हेर, पतियाळा, वर नाट्यसंगीत. मग यांचं घराणं कोणतं?

हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला. घराण्याचा शिक्का नाही, म्हणून कुणी मैफलीत पुढे बसवेना. नाट्यगीतं गाणारा म्हणून शास्त्रीयवाले दूर ठेवत, आणि शास्त्रीय फार गातो म्हणून दुसरे.

माझं एक म्हणणं आहे, ते तुम्ही तपासून बघा. ही जी मोकळीक होती, कुणाहीकडून घ्यायची, ती नागपुरात वाढलेल्या माणसाला जास्त सहज साधते. तेव्हाचं नागपूर काय होतं? मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. अर्धा कारभार हिंदी मुलखाचा, अर्धा मराठी. गल्लीत मराठी, बाजारात हिंदी, आणि दोन्ही भाषा एकाच वाक्यात. पुण्या-मुंबईच्या नाटक कंपन्या कापसाच्या पैशामागे वऱ्हाडात यायच्या, आणि उत्तरेकडचं गाणंही कानावर पडायचं. स्वतःचं बडं घराणं इथे नव्हतं. ही उणीव आहेच. पण त्यामुळे 'हे आपलं, ते परकं' अशी भिंतही तेवढी उंच नव्हती.

बरं, पोट कशावर भरायचं? तर वसंतरावांनी नोकरी धरली. पुण्याला, लष्कराच्या हिशेब खात्यात. तब्बल चोवीस वर्षं. म्हणजे दोन तपं खर्डेघाशी. मध्येच नेफाच्या बाजूला बदलीही झाली. दिवसा हिशेब, रात्री गाणं. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा मित्र पाठीशी होता, तो सारखा म्हणायचा की हे सोड आणि गा. शेवटी सोडली नोकरी. तोपर्यंत पंचेचाळिशी आली होती.

आणि मग येतं १९६७ साल. 'कट्यार काळजात घुसली'. जितेंद्र अभिषेकींचं संगीत, प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव. कृष्ण केला तेव्हा पंधरा वर्षांचे होते, खाँसाहेब केला तेव्हा सत्तेचाळीस. मधली बत्तीस वर्षं कुणी मोजली?

पण मला आज बोलायचंय ते लेखकाबद्दल. पुरुषोत्तम दारव्हेकर. आपले दारव्हेकर मास्तर! (टाळ्या.) बरोबर, टाळ्या त्यांना हव्यातच. नागपूरचा माणूस. शाळेत मास्तर, म्हणून नाव मास्तर. 'रंजन कला मंदिर' ही संस्था काढून त्यांनी इथे नाटकं केली, मुलांची नाटकं केली, पोरांना रंगमंचावर उभं राहायला शिकवलं. पुढे आकाशवाणी, दूरदर्शन, सगळीकडे गेले. पण घडण इथली.

आता त्या नाटकाचा विषय बघा. एक तरुण मुलगा, सदाशिव, विश्रामपुरात गुरूच्या शोधात येतो. गुरू निघून गेलेले असतात. आणि त्यांच्या जागी बसलेले खाँसाहेब आपल्या घराण्याची विद्या बाहेरच्याला द्यायला तयार नाहीत. तो चोरून ऐकतो, शिकतो. विद्या घराण्याची की ज्याचा कान आहे त्याची, हा त्या नाटकाचा झगडा. आणि घराण्याचा अभिमान धरून बसलेल्या खाँसाहेबांची भूमिका कोण करतं? ज्याला जन्मभर 'तुमचं घराणं कोणतं' म्हणून विचारलं गेलं, तो माणूस. ज्याला दार बंद होतं, त्यानंच दार बंद करणाऱ्याचं काम केलं. ते इतकं खरं का वाटलं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

एका नागपूरकरानं लिहिलं, दुसऱ्या नागपूरकरानं उभं केलं, आणि नाव झालं मुंबई-पुण्यात. यात खंत आहे का? आहे. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूरचं राजधानीपण गेलं. त्याबरोबर कचेऱ्या गेल्या, माणसं गेली, आणि कलावंताला आश्रय देणारा एक वर्गही पातळ झाला. ज्या धनवटे रंग मंदिरात एका पिढीनं नाटक बघायला आणि करायला शिकलं, तेही पुढे पाडलं गेलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तिथे पहिल्यांदा तोंडाला रंग लावला असेल. मुलं गाव सोडून जातात म्हणून आपण रडतो, पण ती परत आली तर उभी कुठे राहतील, हे कुणी विचारत नाही.

इथे राहूनही होतं, हे सांगायला दुसरं उदाहरण आहे. महेश एलकुंचवार नागपुरातल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत राहिले आणि इथूनच लिहीत राहिले. त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त मुंबईचा सुधीर वडिलांच्या मृत्यूनंतर गावच्या वाड्यात येतो. मुंबईवाला आला म्हणजे पैसा घेऊन आला असेल, असं घरच्यांना वाटतं. आणि मुंबईवाल्याला वाटतं, वाड्यात अजून काही शिल्लक असेल. दोघांचीही समजूत चुकीची. परत येणाऱ्याशी आपलं नातं कसं असतं, हे त्याहून स्पष्ट कुणी मांडलेलं मला माहीत नाही.

आता अगदी अलीकडचं. २०२२ साल. एका महिन्याच्या आत दोन चित्रपट आले. मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड', नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावरून. त्यात मंजुळेंनी नागपूरच्या वस्त्यांतली मुलं घेतली. अमिताभ बच्चन यांच्यासमोर आपली पोरं आपल्या बोलीत बोलली. त्यातल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. आणि १ एप्रिलला 'मी वसंतराव' आला. आजोबांची भूमिका केली नातवानं, राहुल देशपांडे यांनी; त्यातल्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९३५ आणि २०२२, मध्ये सत्त्याऐंशी वर्षं. दोन्ही वेळी बाहेरचा दिग्दर्शक आला आणि त्यानं नागपूरच्या मुलात काहीतरी पाहिलं. माझा प्रश्न असा आहे की ते आधी आपल्याला का दिसत नाही? आणि कॅमेरा उठून गेल्यावर त्या मुलांसाठी आज कुणी सप्रे गुरुजी आहेत का?

वसंतराव ३० जुलै १९८३ला पुण्यात गेले. आदल्याच वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. नागपुरात परत येऊन ते स्थायिक झाले नाहीत. मोठेपणी त्यांचं नाव परत आलं, सभागृहाच्या भिंतीवर, आणि दरवर्षी त्यांच्या नावानं होणाऱ्या संगीत समारोहात. हे चांगलंच आहे. पण नाव देणं सोपं असतं हो. ज्याचं नाव झालंय त्याचंच आपण देतो. पंधरा वर्षांचा, सिनेमा करून आलेला, पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसलेला जो मुलगा होता, त्याला या शहरानं सांभाळलं, ते काम अवघड होतं. ते एका आईनं आणि एका गुरुजींनी केलं.

तेव्हा त्या मुलीला माझं उत्तर असं. परत येणं ही कलावंताच्या आयुष्यातली एक पायरी असते. वसंतरावांना ती लवकर आली, पंधराव्या वर्षी; तुला पंचविशीत आली. परत येऊन शिकणं चालू राहिलं, तर पुढचं जाणं वेगळं असतं. आणि उरलेल्या आपल्या सगळ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी असं कुणी मूल गावी आलेलं दिसलं, तर "काहून परत आला" म्हणू नका. "काय शिकून आला? कधी ऐकवतो?" असं विचारा. आणि त्यानं तारीख सांगितली, तर जा. तिकीट काढून जा. (हशा, टाळ्या.)

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.