मुंबईचीं कॉफीगृहें

गोंदियाहून हावडा-मुंबई मार्गानें निघालेला प्रवासी दादरला उतरला म्हणजे आधीं कॉफी शोधतो असें नाहीं; धानाच्या व तेंदूपत्त्याच्या त्या मुलखांत चहाचेंच राज्य आहे. परंतु मुंबईचा इतिहास ज्यास पायीं हिंडून वाचावयाचा असेल त्यानें कॉफीगृहांचा माग काढावा. कोण कोठून आले, कोठें वसले आणि कोणाच्या शेजारीं बसावयास राजी झाले, हें या शहराच्या पेल्यांवरून पुष्कळ कळतें.

दादरच्या उत्तरेस लागूनच माटुंगा आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगानें थैमान घातलें, तेव्हां दाट वस्तीची कोंडी फोडण्यासाठीं १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते आंखले व भूखंड पाडले. या नव्या वस्तींत मद्रास इलाख्याकडून आलेले कारकून, लघुलेखक व हिशेबनीस येऊन राहिले. आगगाडीनें कोटांतील कचेऱ्या गांठणें सोयीचें होतें. १९३२ सालीं साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, यावरून मंडळी मुलाबाळांसह स्थिरावली होती हें दिसतें. त्यांच्या पाठोपाठ उडुपीकडील हॉटेलवाले आले. कॅफे मद्रास १९४० चें, ए. रामा नायक यांचें स्टेशनाजवळचें उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चें. एकाची कीर्ति न्याहारीची व कॉफीची, दुसऱ्याची जेवणाची.

तेथील कॉफीची कृति पाहण्यासारखी आहे. गाळणीच्या वरच्या भांड्याला तळाशीं बारीक छिद्रें असतात. त्यांत पूड दाबून बसवावयाची, वरून उकळतें पाणी ओतावयाचें आणि मग स्वस्थ बसावयाचें. येथें घाई चालत नाहीं. थेंबथेंब उतरलेला दाट अर्क गरम दुधांत मिसळतात आणि पेल्यांतून वाटींत, वाटींतून पेल्यांत उंचावरून ओतून फेंस आणतात. पुडींत चिकोरी किती घालावी यावर घरोघर मतभेद! मराठी घरची कॉफी म्हणजे दुधांत उकळलेली, जायफळ-वेलचीची, पाहुण्यांसाठीं केलेली. गिरगांवकरास माटुंग्याचा पहिला घोट कडूच लागला असेल.

दक्षिणेकडे वळलें म्हणजे इराण्यांचीं दुकानें लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व विसाव्याच्या आरंभीं यझ्द-केरमानकडील झरतुष्ट्री लोक इराणांतील हलाखीस व छळास कंटाळून मुंबईस आले. त्यांनीं रस्त्यांच्या कोपऱ्यांवरील जागा घेतल्या. हिंदू व्यापारी त्या अशुभ मानीत, असें सांगतात. धोबीतलावचें कयानी १९०४ चें, ग्रँट रोडचें मेरवान १९१४ चें, बॅलार्ड इस्टेटींतील ब्रिटानिया १९२३ चें. काटेकोर बोलावयाचें तर हीं चहाचीं दुकानें. गिऱ्हाईक येई तें चहा व मस्का-पावासाठीं. तरीहि त्यांस वगळून कॉफीगृहांचा इतिहास लिहितां येत नाहीं. अनोळखी माणसाच्या शेजारीं संगमरवरी मेजावर बसून पिण्याची संवय मुंबईस प्रामुख्यानें त्यांनींच लावली.

ही संवय क्षुल्लक नव्हती. त्या काळीं कित्येक खाणावळींत ब्राह्मणांची पंगत निराळी व इतरांची निराळी असे. अस्पृश्यांस अनेक ठिकाणीं दारांतूनच परतावें लागे किंवा त्यांच्यासाठीं वेगळा कप ठेवलेला असे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढ्या थोर दस्तऐवजांत हॉटेलाचें नांव यावें याचें ज्यास नवल वाटेल त्यानें त्या वेगळ्या कपाचें स्मरण करावें.

चर्चगेटची कथा निराळी. जागतिक मंदींत कॉफीचे भाव कोसळले, मळेवाल्यांचा माल पडून राहूं लागला. तेव्हां १९३५ सालीं कायद्यानें कॉफीवर कर बसवून कॉफी सेस कमिटी नेमण्यांत आली, आणि देशांतच कॉफीचा खप वाढविण्याचें काम तिनें हातीं घेतलें. १९३६ सालीं चर्चगेटला पहिलें इंडिया कॉफी हाउस उघडलें. म्हणजे ज्या मेजांभोंवतीं पुढें राजकारणाचा व वाङ्मयाचा तासन् तास खल झाला, तीं मेजें मुळांत माल खपविण्यासाठीं मांडलेलीं होतीं! १९४० नंतरच्या दशकांत अशा दुकानांची संख्या देशभर पन्नासाच्या घरांत गेली. मुंबईपुरतें पाहिलें तर अशा बैठकींचा वारसा काळा घोडा भागानेंहि चालविला. जहांगीर कलादालनांतील समोवार १९६४ पासून २०१५ पर्यंत चाललें. जवळच्या वेसाइड इनमध्यें अरुण कोलटकर बसत. त्या चौकाचें जीवन त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या २००४ सालच्या संग्रहांत आलें आहे. वेसाइड इनहि आतां राहिलेलें नाहीं.

सरकारी कॉफी हाउसांचें पुढें काय झालें? १९५५ च्या सुमारास कॉफी बोर्डानें धोरण बदललें आणि दुकानें बंद करण्याचें ठरविलें. मेजांवर वाद घालणाऱ्यांस दुसरें मेज सांपडलें असतें. कप आणून ठेवणाऱ्यांची मात्र भाकरी जात होती. साम्यवादी पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानें नोकरांनीं सहकारी संस्था उभारल्या. पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजीं बंगळूर येथें निघाली, आणि २७ ऑक्टोबर १९५७ रोजीं दिल्लींत नोकरांच्या मालकीचें पहिलें इंडियन कॉफी हाउस उघडलें. अशीच एक संस्था जबलपुरास आहे, आणि मध्य प्रदेश व छत्तीसगडांत तिच्या पुष्कळ शाखा आहेत. गोंदियाकरास तें पाहावयास मुंबई गांठण्याचें कारण नाहीं. बालाघाटमार्गें जबलपुरास आगगाडी जाते, आणि पांढरा पोशाख व पंख्यासारख्या तुऱ्याचा फेटा घातलेला माणूस तेथें कॉफी आणून ठेवतो.