हमीदा बानूच्या कुस्त्या ‘नुरा’ होत्या, तर बंदी कशासाठी?



जून २०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातली पूजा तोमर यूएफसीत, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या सगळ्यात मोठ्या मंचावर, लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आनंदच आहे. पण बातमीत ‘पहिली’ हा शब्द दिसला की आपण दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. हिच्या आधी मैदानात कोण उतरलं होतं, आणि त्यांची नावं कुणी पुसली?

पूजाच्या बरोबर सत्तर वर्षं आधी अलीगढची हमीदा बानू पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान देत होती. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं सांगून टाकलं, मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन पैलवान तिनं पाडले. त्यानंतर मे महिन्यात बडोद्याला कुस्ती ठरली. महाराजांच्या आश्रयातला छोटे गामा ऐनवेळी मागे सरला, म्हणून बाबा पहलवान उतरला. कुस्ती एक मिनिट चौतीस सेकंदांत निकाली! तोवर तिनं ३२० कुस्त्या जिंकल्याचा दावा होता. आकडा प्रचाराचा असेल, सोडून देऊ. पाच फूट तीन इंच उंची, १०८ किलो वजन आणि रोजचा सहा तासांचा सराव, हे मात्र त्या काळच्या वर्तमानपत्रांनी छापून ठेवलंय.

आता साल पाहा. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल गुंडाळलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बाईला लग्न, घटस्फोट आणि वारसा यांत हक्क द्यायला संसद तयार नव्हती. हमीदा मुसलमान, तिला ते बिल लागू झालंच नसतं. तरीही त्याच काळात एक बाई लंगोटवाल्यांसमोर उभी राहून आपल्या लग्नाची अट स्वतः घालत होती. व्यवस्थेला नेमकं काय खटकलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

खटकलं ते आपल्याच महाराष्ट्रात. कोल्हापूर ही शाहू महाराजांनी घडवलेली कुस्तीची पंढरी. तिथं हमीदानं सोभा सिंग पंजाबी या पैलवानाला पाडलं, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड फेकले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. लोकांचं म्हणणं, कुस्ती नुरा होती. पुण्यात रामचंद्र साळुंकेशी ठरलेली कुस्ती तर कुस्ती संघटनेनं होऊच दिली नाही. हमीदानं मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं की बंदी बाई म्हणून नाही, तिच्यासमोर ‘डमी’ पैलवान उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून.

हे उत्तर नीट वाचा, कारण आपल्या ओळखीचं आहे. नुरा कुस्त्या पुरुषांच्याही होत, आजही होतात. जत्रेतल्या कोणत्याही म्हाताऱ्या वस्तादाला विचारा, तो नावानिशी सांगेल. पण त्यामुळे पुरुषांची कुस्ती बंद करा असं कुणी म्हटलं का? फसवाफसवी प्रवर्तकाची असेल तर प्रवर्तकाला धरा. इथं शिक्षा लढणाऱ्या बाईला. आपल्या पोरानं चांगले मार्क मिळवले की कॉपी केली असेल म्हणायचं, आणि मागे पडला की यांच्यात मेरिटच नाही म्हणायचं, त्याच जातीचा हा युक्तिवाद आहे. हरली असती तर ‘बायकांचं काम नाही’, जिंकली तर ‘नुरा’.

तिच्या सगळ्या कुस्त्या शंभर टक्के खऱ्या होत्या असं मी म्हणत नाही. तमाशा आणि खेळ यांची सीमा त्या काळी सगळ्याच दंगलींमध्ये पुसट होती. माझा मुद्दा एवढाच की संशयाचा फायदा फक्त पुरुषांना मिळाला.

याच्या उलट परंपरा आपल्याकडे होती. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतिराव फुले तिथं दांडपट्टा शिकले. हेच लहुजी अस्पृश्यांची मुलं-मुली फुल्यांच्या शाळेत पाठवत होते. त्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तालीम या शब्दाचा मूळ अर्थच शिक्षण. मातंग वस्तादानं तो अर्थ ओळखला. पुढे मात्र बाईची सावली नको म्हणणाऱ्यांनी आखाड्यावर कब्जा केला.

हमीदाचा शेवट सांगितल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. १९५४ मध्येच मुंबईत तिनं रशियाच्या वेरा चिस्तिलिनला मिनिटभरात पाडलं आणि युरोपात जाऊन लढणार असं जाहीर केलं. त्यानंतर ती कुस्तीतून दिसेनाशी झाली. तिच्या नातवानं सांगितलंय की युरोपला जाऊ नये म्हणून तिचा उस्ताद सलाम पहलवान यानं तिला काठीनं मारलं, हात मोडले. शेजाऱ्यांनाही आठवतं, पाय मोडला होता आणि पुढे काठीशिवाय तिला नीट चालता येत नसे. पुरुषांना चितपट करणारी बाई घरात मोडली गेली. राहिलेलं आयुष्य तिनं आपल्या कल्याणमध्ये काढलं. दूध विकलं, खोल्या भाड्यानं दिल्या, शेवटी रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकले. १९८६ मध्ये ती गेली.

‘ती मुसलमान, उत्तरेकडची, आपला काय संबंध?’ असं काही कार्यकर्ते विचारतील. संबंध बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलाय. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत होते, आणि ही मोजपट्टी जातधर्म पाहून बदलत नाही. २०२३ मध्ये जंतरमंतरवर पैलवान पोरींना पोलिसांनी फरफटत नेलं, तेव्हाही तक्रार करणाऱ्याच खोट्या ठरवल्या जात होत्या.

महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. बासष्ट वर्षं! सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, आणि ती कल्याणची.

लातूर जिल्ह्यानं हरिश्चंद्र बिराजदारांसारखे मल्ल दिले, त्याचा अभिमान आहेच. आता लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आणि माळेगावच्या दंगलीत मुलींच्या कुस्त्या किती लागतात, शेवटच्या कुस्तीचं इनाम पुरुषांना किती आणि मुलींना किती, हे यात्रा समितीला लेखी विचारा. मिळालेलं उत्तर जपून ठेवा.